गाळाचा अंदाज

माझी भाची पालिकेच्या मलनिस्सारण विभागात इंजिनिअर आहे. जमिनीखालच्या गटारातला गाळ पाण्याबरोबर कुठवर वाहत जाईल आणि कुठे बसेल, याचा आधीच अंदाज बांधायचा, हे तिचं काम. "एवढं शिकवलं ते गटारात डोकं घालायला?" असं तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, अजूनही म्हणते. भाची ते हसण्यावारी नेते. तिला गाळाचा वैताग नाहीच, वैताग माणसांचा.

तिचं गणित सगळ्या भागाचं होतं, पण पडताळायला तिनं चौदा चेंबरं निवडली. दर सोमवारी झाकण उघडून काठीनं गाळ मोजायचा. चार महिने मोजला. दर वेळी शून्य. साहेबांनी सांगून टाकलं, "येत्या सोमवारी मी स्वतः येतो. नाही जुळलं तर हे बंद. तक्रार आली की सफाईची गाडी पाठवायची, आपलं जुनंच बरं."

तिनं आकडेमोड दहादा तपासली. चूक सापडेना. शनिवारी चहा पिताना सफाई कामगारांचा मुकादम कौतुकानं म्हणाला, "मॅडम, तुमची चेंबरं कशी, लख्ख! दर रविवारी गाडी लावून धुऊन घेतो."

"का पण?"

"का म्हणजे? तुम्ही येणार आणि घाण ठेवायची?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अहो मामा, मी घाणच बघायला येते!"

"आम्हाला काय ठाऊक? आधीचे साहेब घाण दिसली की अंगावर यायचे."

चिडली तरी मुकादमाला ती 'अहो मामा'च म्हणते. आता दोन दिवसांत गाळ कुठून जमणार? सोमवारी तिनं साहेबांना यादीबाहेरच्या, बस डेपोमागच्या चेंबरपाशी नेलं. तिथं सहा महिन्यांत कुणी फिरकलं नव्हतं. कागदावर अंदाज होता सव्वा फूट. काठी वर आली. चिखलाची खूण सव्वा फुटाला दोन बोटं कमी.

साहेबांनी काठी पाहिली, कागद पाहिला, पुन्हा काठी पाहिली. "चालू ठेवा," म्हणाले, आणि लगेच सोबतच्या मुकादमावर खेकसले, "हे साफ का नाही केलं?"

"त्यांची चूक नाही, सर," भाची मध्ये पडली. "कुठलं आधी साफ करायचं, ते यापुढे मी सांगेन."

साहेब गेले. मुकादमाचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मॅडम, इथं आणणार होतात तर काल सांगायचं ना! हेही धुऊन ठेवलं असतं."