डॉक केल यांची वामकुक्षी

ठरलं होतं तीन वर्षांचं. जिथे दुसरा डॉक्टर जायला तयार नाही अशा गावात तेवढी काढायची, व्हिसाची अट पुरी करायची आणि सुटायचं. पण त्या तिनाची पंचवीस कशी झाली हे डॉ. पुरुषोत्तम केळुसकरांना विचारून उपयोग नव्हता. ते म्हणत, "अगं रत्ना, दुसरा कोणी मिळाला की निघूच." दुसरा कोण मरायला येणार होता तिथे? पश्चिम टेक्सासचं ते उजाड टोक; एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि बाकी गुरं. रत्नाबाईंच्या मते त्यातल्या त्यात गुरं शहाणी, कारण ती रविवारी सकाळी दार ठोठावत नसत.

मिरजेला शिकलेला हा माणूस तिथे काय काय करत नव्हता? बाळंतपणं करी, घोड्यावरून पडलेल्यांचे हात बसवी, साप चावलेल्याला स्वतःच्या गाडीत घालून लांबच्या हॉस्पिटलात नेई. एकदा तर कुणाच्या कुत्र्याला टाके घालून आला! "डॉक केल" म्हणजे गावाची हक्काची मालमत्ताच. डॅलसजवळ अर्विंगला लेकीच्या, चैत्रालीच्या, शेजारी घर घेऊन ठेवलं होतं. तिकडे राहायला जायचं म्हणून निघावं, तर अर्ध्या वाटेत फोन वाजे आणि गाडी मागे फिरे. रत्नाबाई मग परत येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसत.

गेल्या वर्षी डॉक्टरांचंच हृदय कुरकुरलं. स्पेशालिस्टने बजावलं, काम कमी करा. चैत्राली फोनवर रडकुंडीला आली, "बाबा, इनफ! रिटायर व्हा ना आता, प्लीज." बाबा नुसते हसले. तेव्हा मात्र रत्नाबाईंनी कंबर कसली. नवरा ऐकत नाही ना, मग गावालाच वळण लावू. रोज जेवणानंतर तासभर डॉक्टर क्लिनिकच्या आतल्या खोलीत झोपतील. दार वाजवायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. माहेरी, सांगलीत, वडिलांची वामकुक्षी कोणी मोडत नसे. तीच त्यांनी टेक्सासच्या गुराख्यांना शिकवायला घेतली.

आधी सगळे हसले. अर्ल नावाच्या एका दांडगट म्हाताऱ्याने मुद्दाम दार ठोठावलं, तर रत्नाबाईंनी त्याला फाटकापर्यंत हाकललं. "माझा नवरा गेला तर तुला कोण बघणार?" त्यानंतर अर्लच पहारेकरी झाला. माणसं हॅट मांडीवर घेऊन कुजबुजायला शिकली. डॉक्टर आधी चिडचिडले, मग चक्क घोरू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. या माणसाला आपण धडधाकट अर्विंगला नेणार, असं रत्नाबाईंना खरोखर वाटू लागलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी त्या चहा घेऊन क्लिनिकमध्ये आल्या, तर बाहेरची खोली भरलेली आणि चिडीचूप.

"अजून झोपलेत," अर्ल कौतुकाने पुटपुटला. "मघाशी काहीतरी पडल्याचा आवाज आला, मॅम. पण आम्ही कोणालाही दाराजवळ जाऊ दिलं नाही. दमलेत ते."

रत्नाबाईंनी दार उघडलं. डॉक्टर कॉटवरून खाली पडले होते, एक हात दाराकडे लांबवलेला. अंग गार झालं होतं.

पंचवीस वर्षांत या लोकांनी रत्नाबाईंचं एक म्हणणं ऐकलं नव्हतं. ऐकलं ते हे. त्यांना अर्लचा संताप आला, गावाचा आला, जमिनीवर पडलेल्या त्या हट्टी माणसाचा आला आणि स्वतःचा तर इतका आला की रडूही फुटेना.

बाहेर नुकतीच आलेली एक बाई पोराचा ताप सांगू लागली, तर सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं. रत्नाबाई दारात आल्या आणि मराठीतच किंचाळल्या, "अरे, बोला! मोठ्यांदा बोला ना आता!"

कोणालाच काही कळलं नाही. कोणी हूं की चूं केलं नाही.