ओंजळीत वरून ओतलेलं पाणी

नवे गुरुजी शाळेत हजर झाले त्या दिवशी दुपारी त्यांना तहान लागली. झालं होतं ते एवढंच. ते उठून मडक्याकडे निघाले आणि आमचे हेडमास्तर खुर्चीवरून लगबगीनं उठले.

"अहो गुरुजी, तुम्ही कशाला त्रास घेता? मी देतो ना!"

त्यांनी तांब्या भरला, गुरुजींना व्हरांड्याच्या कडेला नेलं, ओंजळ करायला लावली आणि हातभर उंचावरून पाणी ओतलं. चेहऱ्यावर हसू, आवाजात साखर. गुरुजी वाकून प्यायले. ओले हात रुमालाला पुसत म्हणाले, "आभारी आहे."

मी तिथंच बसून दुसरीच्या पाट्या तपासत होते. गुरुजी बौद्ध आहेत हे बदलीच्या कागदाआधीच गावात पोचलं होतं, त्यामुळे काय चाललंय ते मला नीट कळलं. तरी मी मान खाली घालून पाट्याच तपासत राहिले. आज माझी पासष्टी उलटली आहे. त्या दुपारचा राग अजून येतो, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच असतो.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. तोंडवलीच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या एका गावात आमची तीन शिक्षकांची शाळा होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या किनाऱ्यावरचं कुठलंही गाव तेव्हा तसंच वागलं असतं. मी जवळच्या देवस्थानच्या गावातली, सव्वीस वर्षांची. वडील कचेरीत नोकरीला. मला गावात दोन दिवसांत खोली मिळाली होती. गुरुजींना मिळाली नाही. कुलूपबंद घरं डझनभर होती, पण गुरुजी विचारायला गेले की त्या सगळ्यांचे मालक नेमके येणार असायचे. शेवटी ते आणि त्यांची बायको दोन कोसांवरच्या त्यांच्या समाजाच्या वाडीत राहिले. तिथून ते रोज चालत यायचे. आठवड्याभरात त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली आणायला सुरुवात केली. हेडमास्तर मला कौतुकानं म्हणाले, "बघा, किती समंजस माणूस!"

मला त्या समंजसपणाची चीड यायची. हा माणूस भांडत का नाही? शाळा भरण्याआधी अर्धा तास तो सुरूच्या बनापलीकडे वाळूत मांडी घालून डोळे मिटून बसायचा. एकदा मी तिथंच गाठून विचारलं, "तुम्ही काय करता इथं?"

"श्वास आत आला की आला म्हणून बघतो. गेला की गेला म्हणून बघतो."

"आणि त्यानं काय होतं?"

"कधीकधी काहीच नाही," ते हसून म्हणाले. "आज मात्र लाटेच्या कडेनं ती बारकी पाखरं धावताना दिसली. रोज धावत असणार. मला आजच दिसली."

हे त्यांनी मुलांनाही दिलं. शनिवारी सकाळी ते चौथीच्या वर्गाला किनाऱ्यावर न्यायचे. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, काही पकडायचं नाही, फक्त बघायचं. एका शनिवारी मीही माझी मुलं घेऊन गेले. ओहोटी लागली होती. ओल्या वाळूत शेंगदाण्याएवढ्या कुर्ल्या, म्हणजे बारके खेकडे, बिळातून बाहेर येऊन वाळूच्या गोळ्या करून मागं टाकत होत्या. आम्ही हललो की सगळ्या एकदम गडप, आणि थांबलो की हळूहळू पुन्हा वर. वर्षभर वर्गात तोंड न उघडलेली एक मुलगी परतताना माझा पदर ओढून सांगायला लागली, "बाई, ती वाळू खाणा नाय! ती वाळू धुता आणि टाकून देता! मी बगलंय!" शाळेच्या दारापर्यंत ती बोलत राहिली. जन्मापासून समुद्राशेजारी वाढलेली मी, मलासुद्धा हे त्या दिवशी कळलं. पोटातून हसू यावं तसा आनंद झाला होता.

महिन्याभरात गावात कुजबुज सुरू झाली. पोरांना डोळे मिटायला लावतो, आज श्वास बघायला सांगतो, उद्या धर्म बदलायला सांगेल. डोळे मिटायला त्यांनी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं, उलट उघडायला सांगितलं होतं. पण हेडमास्तरांनी स्वतः घरोघर फिरून तक्रारीवर सह्या घेतल्या. हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा त्यांच्या गोड आवाजाची शिसारी आली.

मार्चमधला शनिवार होता. शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी आम्हा दोघांना थांबवलं. गावातले दोन पालक बाकावर बसले होते. गुरुजींच्या हातात तक्रारीचा कागद दिला गेला.

पालकांपैकी वयस्कर होते ते म्हणाले, "मास्तर, तुमी माणूस बरो आसात. पण आमच्या पोरांका ह्या नको."

"काय नको?" गुरुजींनी विचारलं.

"ह्याच. जा काय तुमी शिकवतास ता."

"कुर्ल्या बघायला शिकवतो मी."

ते कागद वाचायला लागले. गुरुजींना वाचता वाचता ठसका लागला. बाटली रिकामी होती. ते उठले, आणि हेडमास्तर त्यांच्या आधी उठले. "थांबा, थांबा, मी देतो!" तोच तांब्या, तीच व्हरांड्याची कड, तेच उंचावरून पाणी. ठसक्यानं गुरुजींचे हात हलत होते. निम्मं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. बाकावरचे दोघं शांतपणे बघत होते.

मी उठले, मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि व्हरांड्यात आपटलं.

"बाई! हे काय केलंत!" हेडमास्तर ओरडले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली साखर गेली होती.

"आता सगळेच तहानलेले राहूया," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

गुरुजी खाली बसून खापऱ्या गोळा करायला लागले. सोमवारी मुलं अनवाणी येणार होती. मी मदतीला वाकले तर त्यांनी हातानं थांबवलं.

रस्त्यावर आल्यावर ते थांबले. चेहरा लाल झाला होता. इतक्या दिवसांत प्रथमच मी त्यांना चिडलेलं पाहिलं, आणि ते चिडले होते माझ्यावर.

"कुणासाठी फोडलंत?"

"तुमच्यासाठी."

"मला विचारलं होतंत?"

ते चालायला लागले.

आठवड्यात वरिष्ठांकडे अहवाल गेला. शाळेच्या वस्तूची नासधूस, नव्या शिक्षकाच्या चिथावणीवरून. चिथावणी! फोडणारी मी आणि गुन्हेगार ते. मला साधं कुणी बोलावलंही नाही. गुरुजींची बदली तळेऱ्याच्या पुढं एका आतल्या गावात झाली, वर्ष संपायच्या आत.

मी रजा टाकून तालुक्याच्या कचेरीत गेले. मडकं मी स्वतःच्या मनानं फोडलं आणि ते का फोडलं, हे सगळं दोन पानांत लिहून नेलं होतं. कारकुनानं वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"बाई, तुमच्या वडिलांना मी ओळखतो. चांगलं घर आहे तुमचं. हा कागद घेऊन घरी जा."

"आवक शिक्का मारा."

"उगाच कशाला..."

"शिक्का मारा, नाहीतर मी इथंच मोठ्यानं वाचायला सुरुवात करते."

त्यांनी शिक्का मारला. वर्षभरानं मला लेखी ताकीद आली. गुरुजींच्या बदलीत काडीचाही फरक पडला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं तळेऱ्याला उतरले आणि विचारत विचारत त्यांच्या घरी पोचले. माफी मागायला. गुरुजी बाजारात गेले होते. त्यांच्या बायकोनं पाट दिला, चहा ठेवला. मी आधी तिचीच माफी मागितली. म्हटलं, गुरुजींसारखी शांती माझ्यात नाही, मला राग आवरत नाही.

ती चुलीपुढून वळली.

"बाईनू, राग हेंका येणा नाय असा वाटता तुमका? घराक इले की तासभर कोणाशी बोलणत नाय. नुसते बसतत. तो राग हेंका परवडणारो नाय. तुमचो तुमका परवडता. तुमी मडका फोडलात आणि घराक जावन जेवलात. आमी बिऱ्हाड बांधला."

चहा उतू गेला तरी तिनं माझ्यावरची नजर काढली नाही. मग फडक्यानं भांडं उतरवलं आणि मला पहिला कप दिला. मी तो प्यायले. तोवर माझ्याशी कुणी इतकं खरं बोललं नव्हतं.

गुरुजी आल्यावर आम्ही तिघं अंगणात बसलो. त्यांनी माफीचा विषय काढूच दिला नाही. मी विचारलं, "मग रागाचं करायचं काय? गिळायचा?"

"गिळायचा कशाला? आला की नीट बघायचा. कुणावर आहे, कशासाठी आहे, आणि तो टाकला तर लागणार कुणाला. एवढं दिसलं की मग खुशाल वापरा." मग म्हणाले, "कचेरीतला तुमचा कागद मला वाचायला मिळाला, चांगला होता. त्यात तुम्ही तुमचं नाव लिहिलं होतंत."

डोळे मिटून बसायला मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढची नोकरी बहुतेक विजयदुर्गच्या बाजूला झाली. जिथं जिथं पाणी वरून ओतलेलं दिसलं तिथं कागद लिहिले, शिक्के मारून घेतले, दोनदा तसं करणाऱ्यांना जागेवरून हलवलं. राग मेला नाही. मेला असता तर मला त्याची लाज वाटली असती.

रोज बसल्यावर शेवटी मी एकेकाचं भलं चिंतते. आईवडिलांचं, शाळेतल्या मुलांचं, गुरुजींच्या बायकोचं, वाटेत दिसलेल्या अनोळखी माणसाचं. मग हेडमास्तरांची पाळी येते. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काही दिवस मी त्यांचं नाव मनात घेऊ शकते. बऱ्याच दिवशी घेऊ शकत नाही. मग डोळे उघडते आणि कामाला लागते.