बिनसाखरेचा चहा

वसंत सर गेल्याचा निरोप पुण्यात, ऑफिसात असताना आला. आणि मनात पहिला विचार आला तो स्वतःचीच लाज वाटावी असा... सर माझ्यावर रागावलेलेच गेले.

शहाद्याच्या कॉलेजात त्यांनी मला गणित शिकवलं. ते निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं मिळून विद्यार्थ्यांसाठी गणिताचं सॉफ्टवेअर लिहू लागलो. भांडण जुंपलं ते एवढ्याशा गोष्टीवरून. कुणी नुसतं ‘तीन बाय तीनचं मॅट्रिक्स दे’ म्हटलं, त्या चौकोनी तक्त्याच्या घरांत कोणते आकडे हे सांगितलंच नाही, तर काय द्यायचं? मी म्हणे, तिरप्या कर्णावर एक-एक, बाकी शून्य, गुणाकाराला सोयीचं. सर म्हणत, सगळीकडे शून्य. त्यांच्या घरी चहासुद्धा बिनसाखरेचा, साखरेची डबी शेजारी. आमच्या खानदेशात असा चहा म्हणजे पाहुण्याचा अपमानच! रनाळ्याहून आलेल्या माझ्या वडिलांनी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं, तेव्हा सर हसत म्हणाले, “भाऊ, साखर टाकता येस, काढता येत नही. ज्यानी काही सांगं नही, त्यान्हावर आपली आवड कसाले लादानी?”

तरी मी शहाणपणा केलाच. सरांना न विचारता सॉफ्टवेअरमध्ये माझं म्हणणं घालून टाकलं. रिकाम्या मॅट्रिक्समध्ये मोजणी साठवत जाणाऱ्या पोरांना कर्णावर प्रत्येक ठिकाणी एक जास्त येऊ लागला. सरांचा एका ओळीचा निरोप आला, “रिकाम्यात एक कुठून आला?” मी चूक कबूल करणारं लांबलचक पत्र पाठवलं, सगळं पूर्ववतही केलं. उत्तर आलं नाही. एक महिना, दोन, चार... सर रागावले, असं मी धरून चाललो, आणि भीतीपोटी फोनही केला नाही.

दहाव्यानंतर शहाद्याला गेलो. न राहवून सरांच्या पत्नीला, काकूंना विचारलं, “सर माझ्यावर फार रागावले होते का?”

काकूंना नवलच वाटलं. “राग कसाना? आजारपनमा हात चालेना त्यासना, लिखता येत नव्हतं. तुन्हा फोन उना नही तं म्हनेत, काममा व्हई पोऱ्या.”

मला रडू आवरेना. त्यांच्या गप्प राहण्यात मी राग भरला होता. माझ्या गप्प राहण्यात त्यांनी काहीच वाईट भरलं नव्हतं.

काकूंनी चहा आणला, बिनसाखरेचा. साखरेची डबी माझ्यापुढे सरकवली.