ग्रीसवर जीव असलेला लायल ओडेगार्ड

लायल ओडेगार्डला कुरकुरणारी वस्तू खपत नसे. दाराची बिजागरी कुरकुरली, लाव ग्रीस. फाटक कुरकुरलं, लाव ग्रीस. एकदा त्याने चर्चच्या मागच्या बाकाला ग्रीस लावलं आणि हाल्वर्सनबाई प्रार्थनेवरून उठल्या त्या पांढऱ्या स्कर्टवर काळा पट्टा घेऊनच. चौतीस वर्षं त्याने वायोमिंगमधल्या आपल्या भागातले खडीचे रस्ते सपाट करायचं यंत्र चालवलं. निवृत्त झालो तेव्हा यंत्र अगदी नव्यासारखं होतं, असं तो सांगायचा. रस्त्यांबद्दल लोक वेगळं सांगायचे.

त्याची बायको आर्डिस त्याच रस्त्यांवर सव्वीस वर्षं शाळेची बस चालवत होती. दिवसातली नवराबायकोची भेट ती काय तेवढीच: समोरासमोर आलं की स्टेअरिंगवरून एक बोट उचलायचं आणि पुढे निघायचं. म्हणून निवृत्त झाल्यावर लायलने बावीस फुटी ट्रेलर घेतला, आत दोन पलंग आणि चूल असलेला, आणि दर जूनमध्ये तो पिकअपच्या मागे जोडून दोघं घाटापलीकडच्या तळ्यावर पंधरा दिवस मुक्कामाला जाऊ लागली. तळ्याचं आणि माशांचं लायलला फारसं कौतुक नव्हतं. त्याला आवडायचा तो रस्ता. पाच तास आर्डिस शेजारी बसलेली असायची, थर्मासमधली कॉफी ओतून द्यायची, रेडिओवरच्या माणसाशी भांडायची. इतका वेळ ती सलग त्याच्या वाट्याला जन्मात आली नव्हती.

आणि गेल्या वर्षी परत येताना, घाट उतरताना, ट्रेलर पिकअपला मागून ढकलायला लागला. लायल ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. कशीबशी गाडी खाली आली. घरी आल्यावर आर्डिस उतरली आणि म्हणाली, "लायल, त्या डबड्याचे ब्रेक लागत नाहीत तोवर मी तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही. तळ्यावर माझी मी येईन, माझ्या गाडीने."

लायलने ते हसण्यावारी नेलं. मग मे महिन्यात तिने आपल्या छोट्या गाडीचं तेल बदलून आणलं, टायर तपासून घेतले, आणि लायलचं हसू मावळलं. बाई खरंच एकटी येणार होती.

निघायला आठ दिवस उरले असताना त्याने ट्रेलर अंगणात ओढला. शेजारचा डेल्बर्ट रुश लगेच घडीची खुर्ची घेऊन कुंपणाशी आला. कोणी ट्रेलरखाली शिरलं की डेल्बर्टला घरी बसवत नसे.

या ट्रेलरचे ब्रेक विजेचे. पिकअपमध्ये स्टेअरिंगखाली एक छोटा डबा. तिथून वीज मागे जाते, चाकातलं लोहचुंबक ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी वाटीला, चिकटतं आणि ब्रेकचे लायनर तिच्यावर आतून दाबले जातात. डब्यावर जोर किती द्यायचा त्याचे आकडे असतात, आणि नुसते ट्रेलरचे ब्रेक लावून बघायला एक खटका. लायलने चाक जॅकवर उचललं, मागच्या फटीतून चपटा पाना घातला आणि आतली दातेरी चकती एकेक दात फिरवत चाक पार जाम केलं. मग दहा दात मागे. चाक हलक्या खरखरीने फिरू लागलं. चारही चाकं अशी केली. पुस्तकात लिहिलं होतं अगदी तसंच.

"बारा दात मागे घ्यायला हवे होते," डेल्बर्ट म्हणाला.

"तुझ्याकडे ट्रेलर आहे का रे?"

"नाही. म्हणून तर डोकं शांत आहे माझं."

गावामागच्या मोकळ्या रस्त्यावर लायलने ताशी पंचवीस मैलांवर खटका दाबला. काही नाही. जोर सहावर नेला. काही नाही. आठ, नऊ, दहा. ट्रेलर मागून सुखाने डोलत येत होता. लायलने तारा बदलल्या. जोडण्या घासून लख्ख केल्या. नवा डबा आणून बसवला. चकत्या दोनदा पुन्हा लावल्या. पाच दिवस गेले आणि ट्रेलर ढिम्म थांबेना. पाचव्या दिवशी तो जेवायला खिडकीशी बसला. आर्डिस आपल्या गाडीत तंबू आणि एकाच माणसाचं अंथरूण ठेवत होती, ते खिडकीतून दिसत होतं.

शेवटी तीच बाहेर आली, बाह्या सारून. "ड्रम काढ."

"ड्रमला काय झालंय? त्याची निगा मी जातीने राखतो."

"सव्वीस वर्षं रोज सकाळी मी बसखाली वाकून बघितलंय. काढ म्हणते ना."

लायलने ड्रम काढला. आत लायनर दिसेचनात. जिकडेतिकडे ग्रीस. जाड, लालसर, वाढदिवसाच्या केकवर थापावं तसं. ड्रम त्याने बरबटलेला, चुंबक त्यात बुडालेलं, लायनर भिजून चिंब.

आर्डिसने एक बोट त्यात बुडवून वर धरलं. "हे इथे कसं आलं?"

लायलला ते लगेच कळलं, आणि कळताच कानाच्या पाळ्या तापल्या. चाकाच्या मध्यावर रबरी टोपण असतं, त्यामागे ग्रीस भरायचं तोंड. बेअरिंगला वर्षातून एकदा, चाक फिरवत, बेताने भरायचं. लायल निघायच्या आदल्या दिवशी भरत असे, परतल्यावर भरत असे, आणि हिवाळ्यात ट्रेलर एकटाच उभा असतो म्हणून अधूनमधून जाऊन चार दाब जास्तीचे देत असे. बेअरिंगचं पोट भरल्यावर ते ग्रीस त्याला अडवणारं मागचं रबरी सील फोडून थेट ब्रेकवर जाऊन बसलं होतं.

"मी... भरत होतो," तो म्हणाला.

"किती?"

"मोजलं नाही."

कुंपणाशी डेल्बर्टची खुर्ची हसण्याने उलटायला आली. "अरे लायल, लेका, ट्रेलर होता की सँडविच?"

लायलला हसू आलं नाही. ज्या गाडीत आर्डिस शेजारी बसावी म्हणून एवढा जीव टाकला, त्याच गाडीतून आपणच तिला उतरवलं, हे त्याच्या मनाला फार लागलं. तो ट्रेलरच्या पायरीवर बसला. "जा तू तुझ्या गाडीने," तो म्हणाला. "चूक माझीच आहे."

आर्डिसने बोट त्याच्याच शर्टाला पुसलं. "रडगाणं मग गा. दुकान सहाला बंद होतं. चारही चाकांचे नवे ब्रेक आण, डावे उजवे बघून आण."

दोन दिवस ती दोघं ट्रेलरखाली पाठीवर होती. लायल डाव्या बाजूला उजवा ब्रेक बसवत होता. "आखूड लायनर पुढे, अरे, पुढे," म्हणून आर्डिसने तो हिसकावून घेतला. नवी सील तिनेच ठोकली. ग्रीस भरायची वेळ आली तेव्हा बोटाने मोजून तिनेच भरलं आणि लायलला दहा पावलं लांब उभं केलं.

मग ती स्टेअरिंगवर जाऊन बसली. "चाचणी मी घेणार. ज्याने बिघडवलं त्याने तपासायचं नसतं."

ताशी पंचवीसला तिने खटका दाबला. कोणी मागून कॉलर धरावी तशी पिकअप अडली. चाकं घसरली तसा तिने जोर सहावरून साडेपाचवर आणला. पुन्हा. आता ट्रेलर घट्ट, सरळ, शहाण्यासारखा थांबला. नवे लायनर बसावेत म्हणून तिने रिकाम्या रस्त्यावर वीसेक वेळा हळूच ब्रेक लावले. मग म्हणाली, "तंबू काढून ठेव."

शनिवारी निघाली दोघं. लायल सवयीने डावीकडे, स्टेअरिंगच्या बाजूला गेला, तर तिथे आर्डिस बसलेली. किल्ली तिच्याकडे होती. तो वळसा घालून उजवीकडे चढला. ती त्याच्याबरोबर एकाच गाडीत होती ना, मग कुठल्या का बाजूला असेना.

घाटात ती अलगद उतरू लागली. हातात काही काम नसल्याने लायल खिडकीबाहेर बघत बसला आणि एका वळणावर एकदम ओरडला, "आर्डिस! अगं, इथे धबधबा आहे!"

"आहे," ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "अकरा वर्षं तुला दाखवतेय. दरवर्षी तू 'हं' म्हणतोस."