जळगाव ते धुळे, चेंबरच्या अर्जासोबत

खरं सांगायचं तर मी भरीत खायला निघाले होते. डिसेंबरात जळगावला जाऊन हिरव्या वांग्यांचं, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेलं भरीत खायचं, एवढाच बेत. कॉलेजातली माझी रूममेट संगीता सपकाळे तिथल्या उद्योजक-व्यापाऱ्यांच्या चेंबरमध्ये कार्यालय सचिव आहे. फोन केला तर म्हणाली, "ये ना. पण बुधवारी मला धुळ्याला जायचंय. गाडी घेऊन येतेच आहेस, तर मला सोड. जाताना खानदेशही बघून होईल."

म्हणून मंगळवारी पहाटे पाचला पुणं सोडलं. नगर, संभाजीनगर, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट करत, दोनदा चहाला थांबत, दुपारी दोनला जळगावात पोहोचले. सिल्लोडच्या पुढे रस्ता मधूनमधून खोदलेला आहे, तेव्हा घरून निघताना एक तास जास्तीचा धरा.

भरीत संध्याकाळी संगीताच्या घरी झालं. गावाबाहेरच्या शेतावरून भाजून, ठेचून आणलेलं, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. दोन भाकऱ्या पोटात गेल्यावर मी विचारलं, "धुळ्याला काय काम काढलंस?"

तिनं फाइल उघडली. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याकडे जाताना एक फाटा आहे. (नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही.) फाट्यावर पंचवीसेक छोटे उद्योग आहेत. शेतीची अवजारं बनवणारे, एक डाळमिल, टायरवाले, पापडवाले. रस्ता चौपदरी झाला तेव्हा मधला दुभाजक सलग बांधला आणि समोरच्या गावांतून येणारं गिऱ्हाईक पलीकडेच राहिलं. वळून यायचं तर चार किलोमीटर पुढे जायचं. लोक जात नाहीत, उलट्या दिशेनं गाडी घालतात. महिन्यापूर्वी तसंच येताना एका कारागिराचा पाय मोडला. चेंबरनं वर्षभर एकच मागणी लावून धरली होती, दुभाजक फोडून द्या. बुधवारी धुळ्याच्या रस्ते कार्यालयात शेवटची बैठक होती. त्यानंतर तिथल्या कामांची यादी पक्की होणार होती.

"मग त्यांनी मागणी नाकारली तर?"

"नाकारतीलच," ती म्हणाली. "तीनदा नाकारलीय. उद्या जाताना फाट्यावर थांबून एकदा डोळ्यांनी बघते. कागदावरूनच लिहीत आलेय आजवर."

बुधवारी सकाळी सातला निघालो. धरणगावला तिला एका जिनिंगवाल्या सभासदाचं पत्र घ्यायचं होतं, म्हणून पाळधीहून आत वळलो. रस्ता अरुंद पण बरा, आणि या दिवसांत दोन्ही बाजूंना कापसाच्या गाड्या. झाडांच्या फांद्यांना गाडीतला कापूस अडकून राहतो, त्यामुळे बाभळीलाही बोंडं आल्यासारखी दिसतात. पत्र घेतलं, पोहे खाल्ले (वीस रुपये प्लेट, वर शेव मनसोक्त) आणि एरंडोलवरून पारोळ्याला आलो. किल्ला अगदी गावात आहे. खंदकाजवळ गाडी लावून अर्ध्या तासात बाहेरून बघता येतो. मी तटबंदीचे फोटो काढत होते तेव्हा संगीता फोनवर सगळ्या सभासदांना फाट्यावर बोलावत होती.

दहाला फाट्यावर पोहोचलो. अवजारांचं वर्कशॉप चालवणारे गुलाबभाऊ तिथल्या सभासदांचे पुढारी. पन्नाशीचे, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. पाय मोडलेला कारागीर त्यांच्याच वर्कशॉपातला. त्यांनी आम्हाला दुभाजकाजवळ नेलं. "ताई, इथे फक्त वीस फूट तोडून द्यायला सांगा. एवढंच."

आम्ही तिथे वीस मिनिटं उभ्या राहिलो. धुळ्याकडून येणारे कंटेनर उतारावरून असे सुटत होते की ओढणी सावरता येईना. वळण शंभर पावलांवर, त्याच्या पलीकडचं काही दिसतच नव्हतं. संगीता त्या वळणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुलाबभाऊ, इथे दुभाजक तोडला तर पुढच्या वेळी पायावर निभावणार नाही."

"म्हणजे? वर्षभर तुम्हीच लिहिलंत ना?"

"लिहिलं. चुकीचं लिहिलं."

गुलाबभाऊंचा चेहरा उतरला. मागे जमलेल्यांतून कोणीतरी म्हणालं, "मोठ्या लोकांचं चेंबर आहे, आपल्यासाठी कशाला भांडेल." संगीताच्या कानशिलांवर रंग चढला, पण ती मागे वळली नाही.

इतक्यात पापडाच्या शेडमधून द्वारकाअक्का आल्या. त्यांचा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा उद्योग. समोरच्या गावातल्या सात बाया त्यांच्याकडे कामाला. संगीतानं विचारलं, "अक्का, तुमच्या बाया पलीकडून येतात कशा? एवढा रस्ता ओलांडून?"

"वरथून कशाले येतीन? तठे मोरी शे ना," अक्का म्हणाल्या. "बकऱ्या तठूनच जातस, आम्ही बी बठ्ठा तठूनच जातस. पावसायात तेवढं पानी ऱ्हास."

अक्कांच्या मागोमाग आम्ही खाली उतरलो. फाट्यापासून दोनेकशे पावलांवर रस्त्याखालून नाल्याची मोरी गेली होती. मोरी म्हणजे मला आपलं पाइपाचं भोक वाटलं होतं. ही तर सिमेंटची चांगली चौकोनी खोली निघाली, दोन्ही टोकांना उघडी. खाली गाळ, लेंड्या, काटक्या, आणि बायांच्या पायांनी पडलेली एक वाट. वरून कंटेनर गेला की छत घुमायचं.

"टेप आणा," संगीता म्हणाली.

टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं गुलाबभाऊंनी. रुंदीला प्रश्न नव्हता. उंचीवर मात्र वाद झाला. शेवटी गुलाबभाऊ तावातावानं गेले आणि स्वतःचा ट्रॅक्टर रिकामी ट्रॉली जोडून घेऊन आले. "मोजून काय कळतं? घालूनच बघतो."

गाळात चाक एकदा रुतलं. सगळ्यांनी मागून रेटलं, मीही. माझे बूट त्या दिवशीच संपले. ट्रॅक्टरचं धुराडं छताखालून गेलं तेव्हा मध्ये वीतभर जागा होती. पलीकडच्या उजेडात ट्रॅक्टर निघाला आणि अक्कांच्या दोन बाया समोरून येत होत्या, त्या हसत काठाला सरकल्या.

गुलाबभाऊ खाली उतरले, पण हसले नाहीत. "कापसानं भरलेली ट्रॉली बसणार नाही."

"नाही बसणार," संगीता म्हणाली. "ती लांबूनच जाईल. पण तुमच्याकडे नांगर दुरुस्तीला येतील, कारागीर येतील, अक्कांच्या बाया पावसाळा सोडून कोरड्या पायांनी येतील. दुभाजक फोडून मागितला तर आज दुपारी काहीच मिळणार नाही, भाऊ. हे मागितलं तर मिळू शकतं."

"आणि अध्यक्षांचं काय? ठराव तर दुभाजकाचा आहे."

तिनं तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. ते जळगावातले मोठे व्यापारी. बराच वेळ ऐकून म्हणाले, "ठराव मी एकटा बदलू शकत नाही. फाट्यावरच्या सगळ्या सभासदांच्या सह्या आण, मग चेंबर तुझ्या मागे उभं आहे. एक सही कमी असेल तर जुनाच अर्ज दे."

नवा अर्ज अक्कांच्या शेडमध्ये लिहिला गेला, मी लिहिला, संगीतानं सांगितला. मोरीला सिमेंटचा तळ, दोन्ही बाजूंना जोडरस्ता, आत दिवा. सह्यांसाठी ती दुकान दुकान फिरली. टायरवाले दोघं ऐकेनात. त्यांना ती हाताला धरून मोरीपर्यंत घेऊन गेली. गुलाबभाऊंनी सर्वांत शेवटी सही केली. दोन वाजत आले होते. गुलाबभाऊ आणि अक्काही आमच्याच गाडीत बसले.

धुळ्यात जेवायला थांबायला वेळच नव्हता. पण तुम्ही थांबा, आणि शेवभाजी नक्की खा. मी दुसऱ्या दिवशी खाल्ली, दीडशे रुपयांत दोघींचं पोट भरलं. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा.

तीनला बैठक सुरू झाली. आत संगीता, गुलाबभाऊ आणि अक्का. मला दाराजवळची खुर्ची मिळाली. साहेब सभ्य होते आणि दमलेले. "दुभाजक फोडून मिळणार नाही," त्यांनी वर न बघताच सांगितलं.

"आम्ही मागतच नाही," संगीता म्हणाली आणि नवा अर्ज पुढे केला.

साहेबांनी वर पाहिलं. अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "पावसाळ्यात तिथे पाणी वाहतं."

"चार महिने फाटक लावून बंद ठेवा. उरलेले आठ तरी द्या."

"उंची पुरेल का, हे तपासावं लागेल."

"सकाळी ट्रॅक्टर घालून बघितला," गुलाबभाऊ म्हणाले. "मीच चालवला."

साहेब पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "ठीक आहे. संयुक्त पाहणी करू. कळवतो."

मी उठले. संगीता उठली नाही. "साहेब, पाहणीची तारीख लिहून द्या. आजच."

"आज कसं शक्य आहे?"

"आम्ही बाहेर बसतो."

आणि आम्ही बसलो, लाकडी बाकावर, ओळीनं चौघं. अक्कांनी पिशवीतून बिबडे काढले आणि शिपायालाही दिले. चार वाजले, पाच वाजले. एक कारकून येऊन म्हणाला, उद्या या. अक्का म्हणाल्या, "उद्या बाया कामाले येतीन, माले टाइम नही." साडेपाचला सही-शिक्क्याचं पत्र हातात पडलं. पाहणीची तारीख आणि दोन्ही बाजूंनी हजर राहणाऱ्यांची नावं. गुलाबभाऊंनी ते तीनदा वाचलं.

गुलाबभाऊ आणि अक्का बसनं परतले. आम्ही दोघी रात्री धुळ्यातच राहिलो, बस स्टँडजवळ, स्वच्छ खोली, आठशे रुपये. संगीता झोपण्यापूर्वी एवढंच म्हणाली, "सकाळी तो माणूस 'मोठ्या लोकांचं चेंबर' म्हणाला ना, मला अजून टोचतंय." गुरुवारी तिला जळगावच्या बसमध्ये बसवलं आणि मालेगाव, मनमाड, नगरमार्गे संध्याकाळी घरी पोहोचले.

याला आता दोन महिने झाले. पाहणी ठरल्या दिवशी झाली. मोरीतला गाळ काढून तळ झाला, अलीकडच्या बाजूला मुरूम पडला. पलीकडचा जोडरस्ता अडकलाय. गुलाबभाऊ अजूनही म्हणतात, दुभाजक फोडून मिळाला असता तर बरं झालं असतं, पण त्यांचा कारागीर आता कुबड्या सोडून मोरीतून कामाला येतो. अक्कांच्या सातांपैकी दोघी सायकलनं येऊ लागल्यात.

चेंबर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हॉल, शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो यायचा. या प्रवासानं ते चित्र पुसलं. सरकारी बाकावर बसून राहायला चिकाटी लागते, हे मला माहीत होतं. आपल्याच माणसांसमोर उभं राहून "चुकीचं लिहिलं" म्हणायला त्याहून जास्त काही लागतं, हे त्या फाट्यावर कळलं. भरिताची चव आता नीटशी आठवत नाही. कंटेनरांच्या वाऱ्यात वळणाकडे बघत उभी राहिलेली संगीता मात्र आठवते.

परवा तिचा फोन आला होता. मोरीतला दिवा नामंजूर झालाय.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? मंगळवारी जातेय परत. अक्का म्हणाल्या, या वेळी सातही बायांना घेऊन येते."