भावी लेफ्टनंटचा फ्लेक्स

सैन्यात अधिकारी व्हायचं तर मुलाखतीच्या मंडळासमोर काही दिवस शहाण्यासारखं वागावं लागतं. तेवढं मला जमलं. गोची झाली ती घरी परतल्यावर.

निवड झाल्याचं कळताच जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी गेटवर फ्लेक्स लावला. काका गुजराती, उत्साह भलताच. माझा फोटो, मागे रणगाडा, वर ‘आमचे भावी लेफ्टनंट’, आणि खाली माझ्याहून मोठा, हात जोडलेला काकांचा स्वतःचा फोटो. मेडिकल झालं होतं. पोलीस पडताळणी आणि रुजू होण्याचं पत्र तेवढं बाकी. म्हणजे मी अजून कोणीच नव्हतो, पण फ्लेक्सवर चढलं की माणूस जरा हवेत जातो.

त्या हवेतच धुळवड आली. मित्राच्या गच्चीवर बिअर झाली आणि भर दुपारी मी स्कूटर काढली. घर काय, केबिन रोड ओलांडला की आलंच! केबिन रोडच्या तोंडाशी नाकाबंदी. हवालदारांनी यंत्र पुढे केलं. "फुंक."

"साहेब, मी आर्मी ऑफिसर होतोय."

माझं तोंड अर्धं हिरवं, अर्धं चंदेरी. "हो का? कुठल्या देशाच्या आर्मीत?" ते म्हणाले. "फुंक आधी."

फुंकलं. यंत्राने माझी बाजू घेतली नाही. कोर्टात दंड झाला, लायसन्स काही महिने गेलं. वकील म्हणाला, "दंड भरला, विषय संपला." त्याचा संपला. माझ्या हातात पडताळणीचा फॉर्म आला, त्यात सरळ विचारलेलं : कधी खटला, कधी दंड? ‘होय’ लिहिलं तर दारूपायी घरी बसायची भीती, ‘नाही’ लिहून सापडलो तर खोटेपणापायी नक्कीच. पेन घेऊन मी हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून हॉलमध्ये. बिल्डिंगमध्ये हे फक्त आईला माहीत होतं. ती भाजी निवडत म्हणाली, "पिताना हात थरथरला नाही तुझा. आता लिहिताना कशाला थरथरतोय?"

‘होय’ लिहिलं. त्यानंतर बूड टेकेना. लिफ्टचं दार वाजलं की मी गॅलरीत.

शेवटी सोसायटीच्या ऑफिसात पोलीस आले. तेच हवालदार! मी ओळखलं, त्यांनी नाही, माझा रंग उतरला होता ना. त्यांना दोन शेजाऱ्यांचे जबाब हवे होते. काका कोणी बोलवायच्या आत खुर्चीत बसले.

"साहब, हीरा है हीरा! दारू? अरे, ये लड़का सोडा भी सूंघ के पीता है!"

हवालदार लिहायला लागले. एकाच फाइलीत मी लिहिलेलं ‘पिऊन गाडी चालवली’, आणि माझा साक्षीदार सांगणार ‘थेंबाला शिवत नाही’! फाइल वाचणाऱ्याला वाटणार, काकांना मीच पढवलंय. दारात आई उभी. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"काका, थांबा," मी म्हणालो. "धुळवडीला मी पिऊन स्कूटर चालवताना पकडला गेलो. दंड झालाय. फॉर्मवर लिहिलंय मी."

काका आधी माझ्याकडे, मग खिडकीतून गेटकडे बघत राहिले. "अरे भाई, पहले बोलना था ना! मैंने फ्लेक्स लगाया है!"

हवालदारांनी मान वर केली. "अच्छा, तो हिरवा तू होय?" आणि काकांचं वाक्य खोडून पुन्हा लिहायला घेतलं.

प्रशिक्षणाची तुकडी माझ्याशिवाय सुरू झाली. चौकशी केली तर उत्तर एकच : प्रकरण विचाराधीन आहे. नाही म्हणत नाहीत, ये म्हणत नाहीत. पुढच्या तुकडीत घेतीलही. मी रोज सकाळी खाडीपर्यंत पळतो. फिटनेसपेक्षा घरात बसवत नाही म्हणून.

काकांनी फ्लेक्स काढला नाही. फक्त कात्रीने स्वतःचा फोटो तेवढा कापून नेला. खाली चौकोनी भोक, वर मी आणि रणगाडा. "काका, उरलेलाही काढा की," मी विनवलं.

"वो तेरा है. तू निकाल."

पळायला निघताना रोज फ्लेक्सच्या सुतळीच्या गाठीला हात लावतो. आज काढू की पत्र येईपर्यंत थांबू, ठरत नाही. तेवढ्यात वरून आई ओरडते, "अरे, जातोयस का उभाच राहतोयस?" मग पळत सुटतो.