धाकट्या जावेची गाडी

अनुसया थोरली सून म्हणून बालाघाटच्या या घरात आली, तेव्हा तिचा दीर भोजराज पाटी फोडून रडत घरी येण्याच्या वयाचा होता. सासूच्या गुडघ्यांनी तेव्हाच दगा दिलेला. पोराला न्हाऊ घालणं, जेवू घालणं, मास्तरांपुढं उभं राहणं, सगळं अनुसयेकडंच आलं. भोजराज मोठा झाला, बांबूचे ठेके घेऊ लागला, तरी बाहेरून आला की आधी स्वयंपाकघरात डोकावायचा. "वैनी, आलो मी." नवरा प्रेमलाल शेतीत गढलेला, दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. घर चालायचं ते अनुसयेच्या शब्दावर, आणि ते तिला मनापासून आवडायचं.

मग भोजराजचं लग्न झालं. ललिता नागपूरची. तिच्या बापाचा मोटारी दुरुस्त करायचा कारखाना होता आणि ती पान्या-स्क्रूंमध्येच लहानाची मोठी झाली होती. पहिलं वर्ष बरं गेलं. ललिताला भाकरी धड थापता येत नव्हती. अनुसया हसत हसत शिकवायची आणि शेजारणींना हसत हसत सांगायची.

चीनच्या लढाईनंतर भरवेलीच्या खाणीवरचा एक साहेब बदलून गेला. जाताना त्यानं आपली स्टेशन वॅगन विकायला काढली, ती भोजराजनं घेतली. हिरवी, पोटाशी फुगीर, मागं समोरासमोर दोन बाकं. अख्खं घर मावेल अशी. भोजराजला स्वतःला गाडी नीट यायची नाही. पहिल्याच रविवारी ललितानं पदर खोचला आणि वॅगन फाटकातून अशी सफाईनं बाहेर काढली की आळीतल्या बाया भांडी घासायची सोडून बघत राहिल्या.

त्या दिवसापासून अनुसयेच्या पोटात काहीतरी पेटलं ते विझेना.

सासूला दवाखान्यात न्यायचं, तर ललिता. शेतावर डबा पोचवायचा, तर ललिता. प्रेमलालसारखा मुका माणूस, तोही एकदा म्हणाला, "लहानीले सांग ना, ते नेऊन देईल." आता भोजराज बाहेरून आला की स्वयंपाकघरात डोकावायचा नाही. बायकोबरोबर बोनट उघडून तिथंच वाकून उभा राहायचा. सगळ्यात खुपली ती सीता. अनुसयेची धाकटी पोर, आईला सोडून राहत नसे, ती आता सकाळी उठली की "काकी, आज कुठं?" म्हणत गाडीला लोंबायची.

अनुसया स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघायची. काही चुकतंय का हे बघता बघता तिला सगळं पाठच झालं. रोज सकाळी ललिता आधी वाकून गाडीखाली बघायची. मग रेडिएटरमध्ये पाणी. मग तेलाची पट्टी काढून फडक्याला पुसायची, पुन्हा घालून बघायची. चाकं हातानं दाबायची, शेवटी ब्रेक. महिन्याकाठी बाबूलाल मिस्त्री यायचा. तो एकदा खिडकीखालीच ललिताला बजावत होता, "चाकाच्या आतून ओलं दिसलं, तर ते ब्रेकचं तेल समजा बाई. मग गाडी जागची हलवायची नाही." हेही अनुसयेनं ऐकलं होतं.

थंडी सरता सरता किरनापुराहून निरोप आला. अनुसयेच्या भावाच्या घरी बारसं होतं. भोजराज ठेक्यावर, प्रेमलाल शेतात. सासूबाई म्हणाल्या, "ललिता नेते की सगळ्यायले. बस कशाले पाह्यजे?"

अनुसयेला रात्रभर ते डोळ्यांपुढं दिसत राहिलं. आपलं माहेर. आपली माणसं दारात उभी. आणि धाकटी पुढं चाक धरून, आपण मागच्या बाकावर, पोत्यासारखं. लोक आधी कोणाकडं बघतील हे तिला विचारावं लागत नव्हतं.

सकाळी ती अंगणात शेणाचा सडा घालायला निघाली, तेव्हा मागच्या चाकाजवळ तिला ओला डाग दिसला. ती बसली. चाकाच्या आतल्या बाजूनं ओघळ उतरला होता. तिनं बोट लावलं. पाणी नव्हतं, बुळबुळीत होतं.

ती तशीच बसून राहिली. ललिता अजून न्हाणीत होती.

गाडी रस्त्यात रुसावी, एवढंच तिला हवं होतं. भोवती माणसं जमावीत, धाकटीचं तोंड उतरावं, 'बाईच्या हाती गाडी दिली की असंच' असं कोणीतरी म्हणावं. त्यापुढचं काही तिनं मनाला दिसूच दिलं नाही. तिनं बादली ओढली आणि त्या डागावर, चाकाच्या कडेनं, सडा फेकला. सगळं अंगण सारखंच ओलं झालं.

ललिता आली तेव्हा सासूबाई नि पोरी गाडीत बसलेल्या होत्या. ती सवयीनं खाली वाकायला गेली.

"चाल ना वं आता," अनुसया म्हणाली. "तिकडं पाळणा वाट पाहून राह्यला."

ललितानं घाईनं एक नजर टाकली; सगळीकडं सड्याचंच ओलं होतं. मग तिनं ब्रेक दाबून बघितला. तो लागला. गाडी निघाली.

शहर मागं पडलं. सीता पुढं काकीजवळ बसून गाणी म्हणत होती. अनुसयेची नजर मात्र ललिताच्या पायावर खिळली. पहिल्या बैलगाडीपाशी पाय एकदा दाबला गेला. पुढं म्हशी आडव्या आल्या, तेव्हा दोनदा. ललितानं भुवया किंचित आक्रसल्या, पुन्हा दाबून पाहिलं. आता पुढं नाल्याचा उतार होता, खाली अरुंद पुलिया, आणि पुलियेवर धानाची पोती भरलेल्या गाड्यांची रांग.

सीतेचं गाणं चालूच होतं.

"ललिता, थांबव! मांगच्या चाकापाशी ओलं होतं. मी पाह्यलं सकाळी. ब्रेकचं तेल होतं ते!"

ललितानं मान वळवली नाही. पाय दाबला, तो थेट खाली गेला. तिनं गिअर खालच्यावर ओढला, इंजिन ओरडलं, सासूबाई समोरच्या बाकावर आदळल्या. हातब्रेक थोडा, मग आणखी थोडा. एका हातानं हॉर्न धरून तिनं वॅगन रस्त्याच्या चढत्या कडेला घातली. मुरुमाच्या ढिगात पुढची चाकं रुतली आणि गाडी थांबली. बैलांच्या शेपट्या तिथून दिसत होत्या.

सगळे उतरले. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ललितानं चाकांखाली दगड लावले, खाली वाकून पाहिलं आणि हात पुसत अनुसयेकडं आली.

"सकाळी कधी पाहिलं, बाई?"

"सड्याच्या टायमाले."

ललितानं मागच्या चाकाकडं पाहिलं, त्यावर शेणाचे शिंतोडे वाळले होते. डाग का दिसला नाही ते तिला कळलं असावं.

"पुढं माझ्याजवळ सीता बसली होती," एवढंच ती म्हणाली.

अनुसयेनं सीतेला जवळ ओढून घेतलं.

एका रिकाम्या बैलगाडीतून सगळ्यांना किरनापूरला धाडून ललिता गाडीपाशी थांबली. बाबूलालला निरोप गेला. माहेरी भावजय मैनाबाई पोरींच्या तोंडून सगळं ऐकून म्हणाली, "बाईच्या जातीनं गाडी चालवाची काहून म्हंतो मी! सगळ्यायले मारलं असतं तिनं."

हेच तर ऐकायला अनुसया आसुसली होती. आता ते कानांत विस्तव घातल्यासारखं लागलं.

"तिनंच वाचवलं," ती म्हणाली. "दुसरा कोणी असता तं नाल्यात गेलतो आम्ही."

घरी तिला वाटत होतं, आता ललिता भोजराजला सांगेल. रोज ती वाट बघायची. ललितानं सांगितलं नाही. "नळी फुटली होती," एवढंच म्हणाली. अनुसयेला बरं वाटायला हवं होतं. उलट पोटातली आग वाढली. गाडी तिची, भोजराज तिचा, सीता तिची, आणि आता मनाचा मोठेपणाही तिचाच! तो तरी थोरलीकडं राहू द्यायचा होता.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या सकाळी ललितानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगितलं, "बाई, उद्यापासून गाडीखाली तुम्ही पाहायचं. तुम्ही हौ म्हणाल तरच मी चाक हातात धरीन."

ही शिक्षा होती की विश्वास, हे अनुसयेला आयुष्यभर उमगलं नाही. तिनं विचारलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पदर खोचून गाडीखाली वाकली. पुढं पाणी, तेल, चाकांची हवा, सगळंच हळूहळू तिच्याकडं आलं. बाबूलाल तिला वचकून असायचा. भोजराजनं नंतर ड्रायव्हर ठेवला, फकिरा नावाचा, तो कुरकुरायचा, "मोठ्या बाई गाडीखाली पाह्यल्याबिगर फाटक उघडू देत नाही."

सीता मोठी झाली तशी ललितानंच तिला गाडी शिकवली. दोघी पुढं बसून हसत फाटकाबाहेर पडायच्या. अनुसया हात पुसत अंगणात उभी राहायची, तिच्या छातीत जुनी कळ यायची, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती आत जायची नाही.